जिनिंगमधला फिरता पैसा

राळेगावच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी आली की भरलेली मोजायची, खाली झाली की रिकामी मोजायची, पावती फाडून द्यायची. हे काम करून मला सोळा वर्षं झाली. आमच्याकडे बारमाही पगाराची माणसं चार-पाचच. बाकी सगळे हंगामी. दिवाळीनंतर यंत्रं सुरू होतात, मे सरता सरता बंद पडतात, आणि मग ती माणसं कुठं जातात याचा मी कधी विचार केला नव्हता. पुढच्या हंगामात परत येतात एवढं माहीत होतं.

त्यांच्यात एक बाई होती. कापसातला कचरा वेचून कापूस यंत्राकडे सारणं हे तिचं काम. हवेत सतत रुईचे तंतू उडत असतात म्हणून सगळ्याच बाया नाकातोंडाला पदर गुंडाळून ठेवतात. त्यामुळं कित्येक वर्षं मला तिचा पूर्ण चेहरा ठाऊक नव्हता. रुईनं पांढऱ्या झालेल्या भुवया आणि त्याखालचे डोळे, एवढीच ओळख.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारच्या सुट्टीत ती पदर सोडून काट्याच्या खिडकीशी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबूजी, तुमी बारा महिने पगार घेता. आमी सात महिने. बाकीचे पाच महिने आमी काय करतो, कधी इचारलं?"

तिला उत्तर नकोच होतं. तिनं मनात जे जुळवून आणलं होतं ते सांगितलं. दर शनिवारी मजुरीचा चुकारा होतो, त्यातून प्रत्येकानं पन्नास रुपये काढायचे. हंगाम संपेपर्यंत जेवढे जमतील तेवढे एका-दोघांना द्यायचे, धंदा टाकायला. त्यांनी धंद्यातून ते परत करायचे, मग पुढच्या माणसाला द्यायचे. व्याज नाही.

मी म्हटलं, "गावात बचत गट आहे न ताई."

"हाय न. मी बी हाय त्याच्यात. तिथून पैसा उचलला का लग्नाले जाते, तेरवीले जाते. त्यात वाईट काई नाई. पण तो पैसा कामाले लागत नाई. अन गावात नातं पाहून द्या लागते. इथं तसं नाई. इथं आमी एकमेकाइचे हात पाह्यले हाय. कोण काम करते, कोण टाळते, मले सारं ठाऊक हाय."

हे शेवटचं वाक्य मला पटलं. दहा-बारा वर्षं एका यंत्राशी उभं राहिलेल्या माणसाबद्दल जे कळतं, ते भावकीतल्या माणसाबद्दलही कळत नाही. तिला नोंदी ठेवायला कुणीतरी हवं होतं. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर दोन महिन्यांत हे सगळं विरून जाईल असंच मला वाटत होतं.

पहिल्या शनिवारी तेवीस जण तयार झाले. दुसऱ्या शनिवारच्या आतच शेठजींच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला बोलावलं. कामगार एकत्र येऊन पैसे जमवतात म्हणजे पुढे संप आलाच, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी चाचरत सांगायला लागलो तेवढ्यात ती स्वतःच कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. चप्पल बाहेर काढलेली, पदर खांद्यावर.

"शेठजी, बाबूजीले काई म्हणू नका. म्या सुरू केलं."

शेठजींनी तिचं पाच मिनिटं ऐकलं. ते वाईट माणूस नाहीत. ऐकता ऐकता त्यांचा आवाज बदलला आणि ते म्हणाले, "चांगलं आहे. मीही दहा हजार टाकतो."

मला वाटलं, झालं, काम सोपं झालं. ती म्हणाली, "पैसा नोको शेठजी. तुमचा पैसा आला का लोकाइले वाटीन, बुडला त शेठचा बुडला. फाटकाजवळची टिनाची खोली रिकामी पडली हाय, ते द्या."

शेठजी माझ्याकडे बघायला लागले, मी भिंतीकडे. खोली मिळाली. आत पडलेले गंजके पत्रे आणि यंत्रांचे जुने पट्टे काढून आम्ही ती झाडली, आणि महिन्यातून एकदा तिथं बसायला लागलो.

हंगाम संपत आला तेव्हा पहिला पैसा कुणाला द्यायचा हा प्रश्न निघाला. सगळ्यांना वाटत होतं तीच घेईल. काट्यासमोर तासन्‌तास रांगेत थांबणाऱ्या गाडीवाल्यांसाठी झुणका-भाकरीचं दुकान टाकायचं तिच्या मनात होतं, हे बायांना माहीत होतं. पण तिनं फिटरचाचांचं नाव पुढं केलं. हे आमच्या यंत्रांचे रोलर बदलणारे, साठीच्या घरातले मुसलमान गृहस्थ. फारसं न बोलणारे. तिनं त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. सोयाबीन-कपाशीवर फवारणी सुरू झाली की लोकांचे पंप बिघडतात, आणि एका वायसरसाठी शेतकऱ्याला तालुक्याला जावं लागतं. जिनिंग बंद असते नेमकी तेव्हाच ही गरज असते. चाचांना फक्त सामान भरायला पैसे हवे होते.

नंतर मी तिला विचारलं, "तुम्ही काहून नाही घेतला?"

"मी घेतला असता त लोक म्हणले असते, हिनं आपल्यासाठीच काढला. मंग दुसऱ्या साली कोणी पैसे देल्ले नसते."

चाचांनी त्या पावसाळ्यात टिनाच्या खोलीच्या पडवीत लाकडी पेटी मांडली. नोझल, वायसर, नळ्या, बॅटरीच्या पंपाचे चार्जर. शेतकरी सायकलवर, मोटारसायकलवर पंप अडकवून यायचे. पोळ्याच्या आधी चाचांनी सगळे पैसे परत आणून दिले. बैठकीत नोटा तिच्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "बेटी, मैंने जिंदगीभर दूसरों की मशीन सुधारी. ये पेटी मेरी है." आणि डोळे पुसायला तोंड वळवलं.

दुसऱ्या वर्षी चाळीसच्या वर माणसं आली आणि माझीही नियत जराशी फिरली. माझी मोटारसायकल जुनी झाली होती. सेकंडहँड चांगली गाडी मिळत होती. नोंदी मीच ठेवत होतो, दर शनिवारी मीही पन्नास टाकत होतो, मग मागायला काय हरकत? बैठकीत मी विषय काढला.

ती म्हणाली, "गाडीनं कमाई कोणती होईन बाबूजी?"

मी म्हटलं, कामावर वेळेवर येता येईल. कुणीतरी हसलं. ती हसली नाही. "तुमी आता बी वेळेवरच येता. हा पैसा धंद्याचा हाय. तुमाले देल्ला त उद्या मले कोणाले नाई म्हणता येणार नाई."

चारचौघांत 'नाही' ऐकून मी घरी आलो. चार दिवस तिच्याशी बोललो नाही. वही नेऊन द्यावी, आता तुमचं तुम्ही बघा म्हणावं, असंही मनात येऊन गेलं. पण त्या शनिवारी एक गोष्ट झाली. कापसाच्या गाठी उचलणारे सहा हमाल, जे तोवर लांबूनच बघत होते, ते पैसे घेऊन आले. त्यांच्यातल्या थोराड माणसानं मला तोंडावरच सांगितलं, "आमाले वाटे का हे बाबूलोकाइचं काम हाय. तुमाले बी नाई म्हणलं मनून आलो." मी त्यांची नावं लिहून घेतली. राग तिथंच ओसरला असं म्हणणार नाही, पण वही परत द्यायचा विचार काही पुन्हा आला नाही.

त्याच वर्षी एक घाव बसला. सरकीच्या ढिगावर काम करणाऱ्या एका तरण्या, नुकतं लग्न झालेल्या माणसानं बकऱ्यांसाठी पैसे घेतले होते. ऐन पावसात बाजारातून सात बकऱ्या आणल्या, रोग आला आणि पंधरा दिवसांत पाच मेल्या. हंगाम सुरू झाला तरी तो कामावर आला नाही. कुणी म्हणालं वणीकडे ट्रकवर गेला, कुणी म्हणालं घरातच लपून असतो. बैठकीत आवाज चढले. त्याच्या घरच्या दोन बकऱ्या उचलून आणा, असंही एकानं म्हटलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन एसटीनं त्याच्या गावी गेली. तो घरातच होता. आम्हाला पाहून उठला, पण वर बघेना. बायकोनं पाणी आणून ठेवलं. मला वाटलं आता ही पैशाचं विचारेल. तिनं बकऱ्यांचंच विचारलं. कुठून आणल्या, कोणत्या दिवशी, लस टोचली होती का. त्यानं मान हलवली. टोचली नव्हती.

"मंग ते तुले कोणी सांगतलं नाई. आमीबी इचारलं नाई. चूक आपली साऱ्याइची हाय."

मग ती म्हणाली, "बकऱ्या मेल्या, तू त नाई मेला. उद्या कामावर ये. कोणी काई म्हणलं त मले सांग."

तो रडला. बायको चुलीशी पाठ करून बसली होती, तिचेही खांदे हलत होते. परतताना एसटीत मी तिला विचारलं, पैसे नाही आले तर काय? ती खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत होती. म्हणाली, "मले बी भ्याव वाटून राह्यलं बाबूजी. पण तो घरी बसला त कायचे पैसे येतीन?"

तो दुसऱ्या दिवशी आला. दर शनिवारी थोडे थोडे करत दोन हंगामांत त्यानं फेडले. उरलेल्या दोन बकऱ्यांच्या आता नऊ झाल्या आहेत. तेव्हापासून आमच्याकडे एक नवी रीत पडली. पैसा द्यायच्या आधी त्या धंद्यातला एखादा जाणता माणूस जाऊन बघून येतो. बकऱ्यांसाठी सरकीवरचा हा तरणाच जातो, आणि लस टोचल्याचा कागद पाहिल्याशिवाय हो म्हणत नाही.

तिची स्वतःची पाळी चौथ्या वर्षी आली. तीही तिनं मागितली नाही. बायांनीच बैठकीत ठराव केला आणि ती नको नको म्हणत असताना मी तो लिहून टाकला. फाटकाच्या बाहेर, शेठजींच्याच भिंतीला लागून तिनं चूल मांडली. ज्वारीची भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा. ती अजूनही सकाळच्या पाळीत यंत्रावर असते. दुकान तिची सून आणि सरकीवरची एक बाई मिळून चालवतात, दुपारी ती येऊन भाकरी थापायला बसते. राळेगाव, कळंबकडून आलेले गाडीवाले आता रांगेत नंबर लावून आधी तिकडेच जातात.

सुरुवातीपासून या गटाचं प्रमुखपण तिच्याकडेच होतं, ते तिनं गेल्या बैठकीत सोडलं. कुणी काढलं नाही, काही बिनसलं नाही. दोन वर्षांच्या वर एकानं बसू नये असं तिचं म्हणणं, आणि आपणच चार वर्षं बसलो याचं तिला अवघडल्यासारखं झालं होतं. आता त्या हमालांतला थोराड माणूस पुढं बसतो. त्याला लिहितावाचता फारसं येत नाही, पण माणसं त्याचं ऐकतात. ती मागच्या ओळीत, भिंतीला टेकून बसते. परवा त्यानं एका शिवणयंत्राच्या मागणीवर घाईनं हो म्हटलं. मी तिच्याकडे पाहिलं, आता ही बोलेल म्हणून. ती बोलली नाही. शेजारच्या बाईनंच विचारलं, "मशीन कोणी जाऊन पाह्यली काय?" आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. तिनं पदर सारखा केला आणि ऐकत बसली.