जादा पाइपचं तोंड

२०२४ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं सगळं दुबईत, जबल अलीच्या साइटवर, हातात पकड घेऊन शिकलो. त्यामुळे लेकीने उम्म अल कुवैनला लाकडी सांगाड्याचं घर बांधायला काढलं तेव्हा मी सांगूनच टाकलं, घराबाहेरच्या लाइनी मी टाकणार. नळ, बागेतले दिवे, गेटची मोटर.

जावई इंजिनिअर. म्हणाला, "बाबा, हे एअरटाइट घर आहे. कॉन्ट्रॅक्टरची माणसं करतील."

"जावईबापू, तुम्ही जन्मायच्या आधीपासून मी भिंतींना भोकं पाडतोय."

"तेच तर टेन्शन आहे, बाबा."

मग मीही पेटलो. म्हटलं, "माझ्या कामातून हवा आली, तर पुन्हा पकड हातात धरणार नाही."

या घराची भिंत म्हणजे लाकडाची चौकट, मध्ये उष्णता अडवणारी लोकर आणि आतल्या बाजूने एक पातळ चादर, सगळे सांधे टेपने बंद. बाहेरची दमट हवा भोकातून शिरली की एसीच्या गारव्याने तिचं पाणी होतं आणि लाकूड कुजतं. म्हणून प्रत्येक पाइपच्या गळ्यात रबरी कॉलर, आणि वायरी ओढून झाल्या की पाइपच्या तोंडात लांबी, म्हणजे पुट्टी. कुरकुरत का होईना, सगळं केलं.

टेस्ट करायला एक मल्याळी माणूस आला. त्याने दारात कापड ताणलं, कापडात पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढायला लागला. बघता बघता चारी भिंतींवरची चादर छातीसारखी फुगून आली. मी जागीच थांबलो. आमच्या कामगारांच्या कॅम्पात वादळ सुटलं की दाराखालून आलेली वाळू डाळीत लागायची. आणि इथे एवढं मोठं घर श्वास रोखून उभं होतं.

भोक कुठे आहे ते शोधायला धूर लागतो. त्याची धुराची नळी संपलेली. बायकोने नव्या घरासाठी आणलेली उदबत्ती पेटवली आणि एकेका पाइपजवळ धरत चालली. नळाजवळ धूर सरळ. दिव्यांच्या वायरीजवळ सरळ. मोटरच्या इथेही सरळ. माझी मान वर होत चालली होती.

कोपऱ्यात धूर एकदम तिच्या तोंडावर आला.

"अहो, हा कसला पाइप?"

"जादा आहे. पुढेमागे काही लागलं तर."

प्रत्येक साइटवर मी एक पाइप रिकामा सोडतो, आत नंतर वायर ओढायला ओढतार घालून. पुढच्या माणसाला भिंत फोडायला नको. यालाही कॉलर घट्ट बसवली होती. पण आत वायरच नाही, मग लांबी कशाला भरायची, असं वाटलं होतं.

जावयाने वाकून पाइपमध्ये डोकावून बघितलं. ते जास्त लागलं. बायको म्हणाली, "तुमचं तोंड कधी मिटलं नाही, आता पाइपचंही मिटेना."

मी पाइपवर अंगठा दाबला. खारट, गरम वारा अंगठ्याला ढकलत होता. मशीनकडे बघत मल्याळी ओरडला, "चाचा, अंगूठा उधरही रखो! पास है!"

एवढ्या घराचा दम माझ्या अंगठ्याखाली होता.

"लेकिन चाचा, अंगूठा इधर छोड़के तो नहीं जा सकते," तो हसला. "कल फिर आऊँगा, इन्शाल्ला."

"पाइप काढून टाकूया?" जावयाने हळूच विचारलं.

"पाइप राहणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी साइटवर गेलो. ओढतार खेचून काढली, पाइपच्या दोन्ही तोंडांत रबरी बुचं हातानेच दाबून बसवली. मल्याळ्याने पंखा लावल्यावर उदबत्ती मी धरली. बाहेर खजुराची झाडं वाऱ्याने वाकत होती, आत धूर काठीसारखा छतापर्यंत गेला. तो पुरता बघून घेतला आणि बोललो होतो तशी पकड जावयाच्या हातात दिली.