नामदेवच्या दोन गुंडाळ्या

नामदेव गेल्याचं मला हुडको वसाहतीतल्या किराणा दुकानात कळलं. "मोटार वाइंडिंगवाले काका गेले. साधा माणूस होता," साबण देता देता दुकानदार म्हणाला. साधा! ती वडी त्याच्याच तोंडावर फेकावी असं वाटलं. पण राग त्याच्यावर नव्हताच...

इथला पोलादाचा कारखाना उभा होत होता तेव्हा आम्ही दोघे गोंदियाकडून एकदमच आलो, सेक्टर २ मध्ये एका क्वार्टरात राहिलो. तो कारखान्यातल्या जळालेल्या विजेच्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळायचा. मी मशीनवर असायचो, पण मला कारखान्याच्या क्लबच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची होती. त्यापुढे दुसरं काही दिसत नव्हतं. या गिटारीच्या तारांखाली पिकअप असतो. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तारेची गुंडाळी, बस्. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या साहेबांकडे विलायती गिटार होती. नामदेवने ती ट्यूबलाइटजवळ नेऊन नुसती फिरवली आणि हसला. "भुणभुण कमीजास्त होऊन राहिली, म्हणजे एकच गुंडाळी. दोन उलट्यासुलट्या जोडल्या का भुणभुण कटते, सूर तेवढा राहते. आवाज जरासा जाड येईल. डोये मिटून ओळखशील तू."

ओळखायला त्यानेच शिकवलं. मग टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरांतले चुंबक घेऊन, दुर्गच्या रेडिओवाल्याकडून तार आणून त्याने हातड्रिलवर दोन गुंडाळ्यांचा पिकअप बनवला आणि माझ्या गिटारीत बसवला. क्लबमधल्या लोकांनी आग्रह धरला, की न बघता, नुसतं ऐकून मला पसंत पडला तर वार्षिक जलशात हाच वाजवायचा आणि मंचावरून नामदेवचं नाव घ्यायचं. त्या आठवड्यात त्याने कधी नव्हे तो शर्टाला इस्त्री केली.

मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. नामदेवने दोन्ही गिटारी छेडल्या. पहिलीत भुणभुण होती, दुसरीत निव्वळ सूर. "बोलो मधुकर, कौन-सा अच्छा?" साहेबांनी विचारलं. जलशात कोण वाजवणार हे तेच ठरवणार होते.

"पहिला," मी म्हणालो. "दुसरा बोदा वाटतो."

भित्रा होतो मी, दुसरा शब्द नाही. नामदेव एवढंच बोलला, "चाल, सायकल काढ. उशीर होऊन राहिला." जलशात मी साहेबांची गिटार वाजवली. भुणभुण शेवटच्या रांगेपर्यंत जात होती आणि तो तिथेच बसला होता. त्याने पुन्हा पिकअप गुंडाळला नाही. निवृत्त होईपर्यंत मोटारीच.

तेरवीनंतर मरोद्याला त्याच्या घरी गेलो. वहिनी माझ्याशी नेहमीसारख्या ओरडून बोलत होत्या. न राहवून विचारलं, "वहिनी, एवढ्या जोरानं काहून बोलता?"

"यायनंच सांगून ठेवलं होतं ना भाऊजी! मधूचे कान मशिनीच्या आवाजानं गेले म्हणे. त्याले दोन गिटारींतला फरक समजला नाही, तो खोटं बोलणारा माणूस नाही. त्याच्याशी जोरानं बोलत जा."

इतकी वर्षं ते सगळं घर माझ्यासाठी ओरडत होतं...

"वहिनी, मले तेव्हा..." मी सुरुवात केली. त्या कळवळून आणखी जवळ आल्या, माझ्या कानाशी तोंड आणून ओरडल्या, "चहात साखर कमी टाकू काय?"

मी मान हलवली.