चिंगीच्या पोटावरची गाठ

मंडळी, जव्हारहून मोखाड्याला आत्ताच परतले. माझी आठ वर्षांची कुत्री चिंगी पायाशी झोपली आहे.

सकाळी शेजारच्या जनीमावशी नेहमीसारख्या ओट्यावर बसून तिच्या गोचिडी काढत होत्या. पोटाशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

"बाई, ही गोचीड नाय. ही कातडीच्या खाली हाय."

त्याच जागी मी आठवडाभर गोचिडीची पावडर लावत होते. तसं सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "आन् पोरांना शाळेत तुम्ही शिकवता?"

जव्हारच्या डॉक्टरांनी आचळाजवळची ती तुरीच्या दाण्याएवढी गाठ चाचपली. कर्करोग असू शकतो, म्हणाले; पण गाठ लहान आहे, लवकर आलात. गुरुवारी ती काढून तपासायला पाठवणार आहेत. कोणाच्या हाताला लागली, असं त्यांनी कौतुकाने विचारलं.

माझ्या नाही. मी रोज चिंगीचं डोकं कुरवाळते आणि ती मला पूर्ण माहीत आहे असं समजते.

घरी आल्या आल्या मावशींनी माझा हात धरून तिच्या पोटावरून फिरवला. "दाबू नका. हळू. तिला कळाया नको का, मायेचा हात हाय म्हून?"

तुमचा हात तुमच्या कुत्र्याच्या पोटाखाली, काखेत शेवटचा कधी गेला होता?