दाजींच्या नावावर माझी झोप

दाजींच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा मी काढला आणि माझ्या दंडाला बांधला. त्यांच्याविषयी लिहायला बसलो तेव्हा दुसरं कुठलं वाक्य सुचेना. ते गेल्याला आता दोन महिने होत आले. माणूस गेल्यावर आधी त्याचे चांगले गुण आठवावेत, आणि दाजींचे आठवायला पुष्कळ आहेत. पण माझी चूक बाजूला ठेवून मी त्यांच्या आठवणी सांगू लागलो, तर ते सगळं सांगणंच लबाडीचं होईल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. नाव गणपत. कुंभारवाड्याला बसमधून उतरून रानातल्या वाटेनं बरंच आत गेलं की त्यांची चार घरांची वस्ती लागते. भातशेती, परसात थोड्या सुपाऱ्या आणि उन्हाळ्यात जंगलातली मजुरी. मी रामनगरात असतो. जळालेल्या पंपांच्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचं माझं दुकान आहे. आक्काचं लग्न झालं तेव्हा मी शाळकरी होतो आणि लग्नाच्या पंगतीत ताटावरच झोपलो होतो म्हणे. दाजींनी ते आयुष्यभर धरून ठेवलं. मला स्वतःची मुलं झाली, केस पिकले, तरी मी घरी गेलो की ते आत ओरडून सांगायचे, "अगो, तुझा भाऊ आलाय. आधी चटई घाल, मग पानी दे. न्हायतर उभ्यानंच घोराय लागंल." मी म्हणायचो, "दाजी, कष्ट करणाऱ्याला झोप लागते." त्यावर ते म्हणत, "व्हय व्हय, आमी काय पालखीत बसून भात लावतो!"

त्यांना स्वतःला झोप नव्हती. वस्तीवर सगळ्यांना त्यांचं कौतुक वाटायचं ते यासाठीच. भात पोटरीत आलं की गवे उतरतात, रानडुकरं येतात. एकेका घराची पाळी ठरलेली असते, शेतातल्या माळ्यावर बसून डबा वाजवायचा, शेकोटी धरून ठेवायची. दाजी स्वतःची पाळी करायचेच, वर दुसऱ्यांचीही घ्यायचे. "जावा रे, निजा जावा. मी हाय जागा." मग लोक निवांत झोपत. त्यांच्या राखणीत कुणाचं शेत गेलं नाही, हे मी कितीदा ऐकलं आहे. ते जागे का असतात हे मात्र आक्काशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या पोटात कळा यायच्या, रक्त पडायचं, रात्रीतून अनेकदा उठावं लागायचं. घरातून उठून जाण्यापेक्षा माळ्यावरून उतरणं त्यांना सोयीचं वाटे. तिथं कुणी बघायला नसे आणि कुणी विचारतही नसे. एवढा हसवणारा माणूस, पण ही गोष्ट त्यांनी लाजेनं वर्षानुवर्षं लपवली. शेवटी अंगातलं रक्तच कमी झालं आणि बांधावर चक्कर येऊन पडले, तेव्हा आक्कानं मला फोन केला. मी त्यांना बेळगावला नेलं.

मोठ्या आतड्याला सूज होती, आत जखमा होत्या. कोलायटिस, असं पोटाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. हा पुरता जाणारा आजार नव्हे, पण आटोक्यात राहतो. गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटू लागलं, मग पुन्हा उसळलं. असं चालू राहिलं. मी दर वेळी सोबत जायचो. एकदा तपासताना त्यांचा रक्तदाब थोडा वर दिसला, पुन्हा मोजल्यावर बरोबर निघाला. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं की झोपेत माणसाचा रक्तदाब खाली यायला हवा. आतड्याची सूज असणाऱ्या काही जणांत तो दिवसा ठीक दिसतो आणि रात्री मात्र हवा तसा खाली येत नाही. सूज असते, झोप मोडत राहते, काही औषधांचाही परिणाम असतो. हृदयाला आणि मेंदूच्या नसांना रात्रीची विश्रांतीच मिळत नाही. "म्हणून मला तुमची रात्र बघायची आहे," त्या म्हणाल्या.

"आमची रात्र?" दाजी गंभीर तोंडानं म्हणाले, "मग तुमी भात पोटरीत आल्यावर या, बाई. गवं बी बघून व्हतील."

त्या हसल्या आणि यंत्र जोडून दिलं. कमरेला डबी, दंडाला पट्टा. ठरावीक वेळानं पट्टा आपोआप फुगतो, दंड आवळतो, आकडा डबीत साठतो. रात्रभर तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायचा होता. कुंभारवाड्याला जाऊन पुन्हा येणं शक्य नव्हतं, म्हणून दाजी माझ्याकडं रामनगरात मुक्कामाला राहिले.

त्या दिवसांत त्यांचा आजार उसळलेला होता. कित्येक रात्री डोळ्याला डोळा नव्हता. त्या रात्री जेवण झाल्यावर ते कधी नव्हे ते लवकर आडवे झाले आणि डोळा लागला. मी शेजारीच पडलो होतो. थोड्या वेळानं पट्टा घूंऽ करत फुगला आणि ते दचकून उठले. उठले की पोटात कळ, कळ आली की मागच्या दारी. परत येऊन पडले. जरा डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा तेच. मला म्हणाले, "सुभाषा, ह्ये काढून टाक रे. गव्यानं बी इतकं छळलं न्हाई." मी म्हटलं, "दाजी, आजची एकच रात्र." ते भिंतीकडं तोंड करून पडले, आणि त्यांच्या पाठीकडं बघत मी बसून राहिलो… पाठ किती वाळली होती ते मला तेव्हाच दिसलं.

मग मी पट्टा सोडवला. नुसता काढून ठेवला असता तर यंत्रात रात्र कोरी राहिली असती. डॉक्टरबाईंनी पुन्हा बांधायला लावला असता, आणि दाजी पुन्हा येणार नाहीत हे मला माहीत होतं. माझा जन्म मोटारींत गेला. मीटर लावलं की काटा हलायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डॉक्टरबाईंना काय हवं आहे ते मी दिवसा नीट ऐकलं होतं, आणि रात्री त्यांना काहीतरी दाखवून टाकायचं ठरवलं. मी पट्टा माझ्या दंडाला बांधला, डबी उशाशी घेतली आणि झोपलो. यंत्र रात्रभर माझा दंड आवळत राहिलं असेल. मला पत्ता लागला नाही.

सकाळी दाजी मला हलवून उठवत होते. माझ्या दंडाकडं बघून आधी त्यांना कळेना, मग कळलं तसे पोट धरून हसले. "अरं, माज्या जागी निजलास व्हय? बायकोचा भाऊ कामाला आला म्हणायचा!" त्यांचा चेहरा ताजा दिसत होता. मी पट्टा पुन्हा त्यांना बांधून दिला आणि आम्ही बस धरली. डॉक्टरबाईंनी आलेख बघितला. रात्री रक्तदाब छान खाली येतो आहे, म्हणाल्या. रक्तदाबाच्या गोळीची आत्ता गरज नाही, मीठ बेतानं खा, पोटाची औषधं चुकवू नका. दाजींनी माझ्याकडं बघून डोळा मारला. मीही हसलो. ते हसले हे इथं लिहितो आहे ते माझा भार त्यांच्यावर टाकायला नाही. त्यांना त्या आकड्यांचा अर्थ माझ्याइतका कळला नव्हता. मला कळला होता.

पुढं आक्काला आम्ही दोघांनी सांगितलं की रिपोर्ट चांगला आला. तिनं देवापुढं नारळ ठेवला.

दाजी गेले ते काही महिन्यांनी, भात घरात आल्यानंतर. माझी भाची रेश्मा हिचा पहाटे फोन आला. रेंज मिळावी म्हणून ती टेकाडावर चढून बोलत होती, धाप लागली होती. "मामा, बाबा उठतच न्हाईत. डोळं उघडं हायत, पन बोलनात." गाडी मिळवून त्यांना दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शुद्धीवर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं आटोपलं. रक्तदाब फार वाढला होता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आक्का माझ्याकडं वळून म्हणाली, "पन रातचं तर बरं व्हतं न्हवं ह्यांचं? तपासलं व्हतं की…" मी मान खाली घातली. ती मान तिनं दुःखाची समजली.

कार्य झाल्यावर मी एकटाच बेळगावला त्या डॉक्टरबाईंकडं गेलो. तिथंही सरळ बोललो नाही. "समजा, एखाद्यानं रात्री पट्टा दुसऱ्याला बांधला असेल तर…" असं विचारलं. त्यांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "त्यामुळंच ते गेले, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण खरी रात्र दिसली असती आणि ती वाईट असती, तर मी उपचार केले असते." मी उठलो. यातलं पहिलं वाक्य मी घट्ट धरलं आणि शेवटचं सोडून दिलं. बऱ्याच दिवसांचं ओझं त्या पहिल्या वाक्यावर टेकवून मी आक्काकडं जात राहिलो. आठवड्यातून एकदा, सामान पोचवायला, कधी नुसतं बसायला. ती वाढायची, मी जेवायचो.

परवा गेलो तेव्हा जेवणं झाल्यावर रेश्मा मला गोठ्याकडं घेऊन गेली. हळू आवाजात म्हणाली, "मामा, तुमी तरी सांगा आईला. बाबा गेल्यापास्नं आळनी खाती. आमाला नीट करून घालती आनी आपली आमटी मीठ घालायच्या आदी काडून ठेवती. परवा भांडी घासताना चक्कर आली तिला."

"का पण?"

"आदल्या रातच्याला बाबांनी मिठातल्या आंब्याची फोड मागितली. लई मागं लागलं, म्हनून दिली तिनं. आता म्हनती, रातचं बीपी बरं व्हतं, गोळी बी लागत न्हवती, मग झालं कशानं? माज्याच हातानं झालं."

आमचा तो चांगला रिपोर्ट आक्कानं खरा मानला होता, आणि खरा मानल्यामुळंच दोष शोधत शोधत ती त्या एका फोडीपाशी येऊन थांबली होती. मी गप्प राहून माझी चूक लपवत होतो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ती मी तिच्या ताटात वाढत होतो, आणि समोर बसून जेवत होतो.

आक्का पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. मी समोर बसलो. मी यंत्रापासून सुरुवात केली. पट्टा कसा फुगतो, दाजींना किती त्रास होत होता, ते किती दिवस झोपले नव्हते. मग मी तो काढून स्वतःला बांधला हे सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हंजे त्यो कागद तुजा?"

"रात्रीचा माझा."

"आनी ह्यांचं रातचं बीपी?"

"कुणीच बघितलं नाही, आक्का."

तिनं परसात उकरणाऱ्या कोंबड्यांकडं बघितलं. मग विचारलं, "त्या राती निजले का ते?"

"सकाळपर्यंत. एकदाही उठले नाहीत."

तिचा चेहरा क्षणभर सैल झाला आणि लगेच आवळला. "मी नारळ ठेवला रे देवाला, तुज्या झोपंसाठी. आनी आता मीठ सोडलं. तू दर आठवड्याला यून हितं बसून जेवलास, सुभाषा. माज्याच हातचं जेवलास."

मी घाईघाईनं म्हणालो की डॉक्टरबाईंना मी भेटलो आहे, त्या म्हणाल्या की नेमकं कशानं झालं ते सांगता येत नाही, आंब्याच्या एका फोडीनं असं काही होत नसतं, आणि पट्ट्यानंही… तिनं सुपारीचा हात वर करून मला थांबवलं.

"डॉक्टरीन काय म्हनली त्ये ऱ्हाऊ दे. ती काय माजी भन न्हवं. तुला काय म्हनायचं हाय त्ये म्हन."

दोन महिने जी वाक्यं मी मनात जुळवत होतो त्यांतलं एकही त्या वेळी उपयोगाचं नव्हतं. मी पडवीतून खाली उतरलो, तिच्या पायांपाशी बसलो आणि म्हणालो, "आक्का, तुजं काय चुकलं न्हाई. माजं चुकलं. पट्टा काडला ते चुकलं, आनी तुला सांगितलं न्हाई ते त्याहून चुकलं. मला माफ कर."