सोबतीचा पगार

नुसतं बसायचे पैसे घेणारी बाई मी पहिल्यांदा शिवकांतामावशींच्या मेसमध्ये पाहिली. गॅसची शेगडी जमिनीवर, तिच्यापुढे पोळ्या करणाऱ्या मावशी आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून शेजारच्या सरूबाई. सरूबाईंनी लसूण सोलायला घेतला तरी मावशी तो हिसकावून घेत. "तुझ्या डोळ्याला पैसे देते गं, हाताला न्हाई!"

किनवटहून लातूरला क्लाससाठी आलेल्या आम्हा पोरांना याचं भारी हसू यायचं. मग एका दुपारी मावशींच्या हातातलं लाटणं सुटलं, अंग ताठलं, मान शेगडीकडे कलली. सरूबाईंनी त्यांना मागे ओढलं, गॅस बंद केला. नाकाला लावायला चप्पल घेऊन कुणीतरी धावलं, त्याला हाकललं. शुद्धीवर येताच मावशींनी विचारलं, "पोळी करपली का रं?"

भूकंपात घराचं माळवद कोसळून दगड मावशींच्या डोक्यात बसला होता. नवरा त्याच ढिगाऱ्यात गेला आणि यांना फिट येऊ लागली. मेसच्या पैशांतून आधी गोळ्या, मग सरूबाईंचा पगार, मग घरभाडं. लुगड्याची पाळी काही येत नसे. "सरूबाई फुकट बसतील की," असं मी एकदा शहाणपणानं बोललो. मावशी म्हणाल्या, "फुकटची सोबत चार दिस येती बाबा. मला जन्माची लागती." मला त्या फार आवडायच्या, पण त्या वेळी रागच आला. एवढा कसला ताठा!

परीक्षा झाल्या, पोरं गावी गेली, मेस बंद पडली. उन्हाळाभर मिळकत नाही. गोळ्या सोडता येत नव्हत्या, म्हणून मावशींनी सोबत सोडली. "चूलच पेटत न्हाई, तर बसायचं कशापाशी? जूनला ये," असं त्यांनी सरूबाईंना सांगितलं.

निकालासाठी लातूरला आलो तर मेसला कुलूप होतं. पायरीवर सरूबाई बसल्या होत्या. त्यांच्याकडूनच कळलं. टँकर येऊन गेल्यावर मावशी टबात कपडे पिळत होत्या. फिट आली आणि तोंड पाण्यात गेलं. टब गुडघाभरही खोल नव्हता. सगळी भीती विस्तवाची होती. पाण्याचं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मी भिंतीपल्याड रिकामीच बसले होते," सरूबाई म्हणाल्या. "पैशाबिगर बसले असते की रं. इचारलंच न्हाई तिनं."