सुगंधाच्या धवल्यांची जागा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय—तेही नीट ठाऊक नाही.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी घरातला पहिला पदवीधर. वर्तकनगरहून डोंबिवलीच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला जायचो. मला लिनक्स येतं म्हणून क्लासच्या सरांनी तिथलं लिनक्सवर चालणारं एकुलतं मशीन माझ्या हवाली केलेलं. मी ऋणी होतो त्यांचा. चुकलो असतो तर रागावले असते—एवढंच ना? पण "ह्याला येतं" यापलीकडे माझ्याजवळ होतं काय?

सुगंधाही तिथेच शिकवायची. कल्याणजवळच्या आगरी गावातली. तिची आत्या लग्नात धवले गायची. ती गाणी सुगंधाने तिच्या तोंडून ऐकून त्या मशीनवर टाइप केलेली. मग आत्याला पक्षाघात झाला, वाचा गेली. गाणी फ्लॉपीवर उतरवायची राहूनच गेलेली. "पंडित, माझी गाणी सांभाळा हां," ती मला चिडवायची.

मशीन फार रखडायचं. मेमरी भरली की तिच्यातलं सामान डिस्कवर ज्या जागेत उतरतं, ती स्वॅपची जागा वाढवायची होती. ती जागा तयार करणाऱ्या कमांडमध्ये मी डिस्कच्या रिकाम्या भागाऐवजी गाणी ठेवलेल्या भागाचा क्रमांक टाइप केला. मशीनने काही विचारलं नाही.

इथवर चूक. पुढचं—ते कसं सांगू?

त्या कमांडने फक्त सुरुवातीचा तुकडा पुसला जातो. गाणी आत तशीच होती, परत आणता आली असती. मला हे ठाऊक होतं. पण मग सांगावं लागलं असतं—सरांना, तिला. दुपारची वेळ, क्लासात कुणी नाही. मी ती स्वॅप चालू केली. आणि एकामागून एक मोठे प्रोग्राम उघडत बसलो—मेमरी भरावी, ओसंडावी, त्या गाण्यांवर काहीबाही लिहिलं जावं म्हणून. डिस्क खरखरत होती. मी ऐकत होतो. थांबता आलं नसतं? आलं असतं.

सुगंधाला एक खोड होती—घाईत मशीन नीट बंद न करता थेट बटण दाबायची. सगळे ओरडायचे. त्यानेच डिस्क बिघडली, असं मी सांगितलं.

तिने लगेच मानलं. "माझंच चुकलं रे. तू किती वेळा सांगितलेलंस."

आणि मी—मी तिला म्हणालो, "जाऊ दे गं. होतं असं."