इंजिनावर ओतलेली बिअर

एल आल्तो शहरातल्या मिनिबस थांब्यावर बासिलिया वाराची रागीट म्हणून प्रसिद्ध होती, आणि ती होतीच रागीट. वय बावन्न, घेरदार झगा, डोक्यावर गोल टोपी, हातात व्होल्टमीटर. गाड्यांचं वायरिंग बघणारी बाई अख्ख्या थांब्यावर ती एकटीच. नवरा रुफिनो शेवटची सहा वर्षं डोळ्यांनी अधू होता. मीटर हिच्या हातात असायचा, तारा ही जोडायची आणि लोक म्हणायचे, रुफिनोच्या हाताला गुण आहे. तो गेल्यावर तेच लोक विचारू लागले, "बाई, तुम्हाला जमेल ना?" अकरा वर्षं हा प्रश्न ऐकूनही तिला त्याची सवय झाली नव्हती.

या वेळी तर हद्दच झाली. तेओदोरो पोमाच्या मिनिबसला तिने कार्निवालच्या आठवडाभर आधी नवा हॉर्न बसवून दिला होता. आता ती गाडी सकाळी नुसती टकटक करायची, सुरू झालीच तर थांब्यावर उभ्या उभ्या बंद पडायची. तेओदोरोने दुसरीकडून नवी बॅटरी बसवून घेतली, मग नवा स्टार्टर. फरक शून्य. मग त्याने सगळं खापर बासिलियाच्या डोक्यावर फोडलं. चालक संघटनेचा अध्यक्ष इलारियोन तिकोना याला तेवढंच हवं होतं. भर रांगेत तो म्हणाला, "शुक्रवारच्या बैठकीत ठरवून टाकू. या बाईचा गाळा आपल्या थांब्यावर नको."

गाळा गेला की सगळंच गेलं. बासिलियाला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

"शुक्रवार कशाला?" ती गाळ्यातून बाहेर आली. "गाडी इथेच आहे, मी इथेच आहे. तेओदोरो, बॉनेट उघड."

"ताई, आता माझा नंबर लागतोय—"

"सुरू होतेय का तुझी गाडी? मग कसला नंबर? उघड."

गाडी रांगेच्या तोंडाशीच अडली होती. मागे चौदा मिनिबस खोळंबल्या होत्या, हॉर्नवर हॉर्न वाजत होते. बासिलियाने ढुंकूनही पाहिलं नाही. बॅटरी मोजली, ठणठणीत होती. हॉर्नची तार काढून बाजूला ठेवली आणि तेओदोरोला किल्ली फिरवायला लावली. टक. टक.

"हॉर्न काढला. आता कुणाला दोष देतोस?"

तेओदोरोने पुन्हा एकदा किल्ली फिरवून पाहिली. टक.

तिने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. "फिरव." काटा शून्याजवळ राहायला हवा होता. तो अडीच व्होल्टच्या पुढे गेला. म्हणजे इंजिनातून बॅटरीकडे करंट परत नेणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत तो कुठेतरी अडत होता. नवी बॅटरी काय, दहा बॅटऱ्या लावल्या असत्या तरी व्यर्थच गेल्या असत्या.

ती वाकली, पान्याने पट्टीचा बोल्ट सोडवला आणि वर धरला. बोल्टवर हिरवट गंज, त्यावर चिकट काळा थर, थरात कुजलेल्या पाकळ्या आणि कार्निवालच्या रंगीत कागदाचे तुकडे.

बघताक्षणी तिच्या सगळं लक्षात आलं, आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही बिअर आहे," ती म्हणाली. "दर कार्निवालला धरणीमातेच्या नावाने ओतलेली. तेओदोरो, तुझ्या गाडीचा पाद्रिनो, मानाचा धर्मपिता, कोण? पहिली बाटली ओतायचा मान कुणाचा?"

तेओदोरोची नजर इलारियोनकडे गेली. सगळ्या थांब्याला ठाऊक होतं. तीन वर्षं बॉनेट उघडून, भाषण करून, इंजिनावर अख्खी बाटली रिकामी करत होता तो इलारियोन.

"श्रद्धेचा प्रश्न आहे, बाई," इलारियोन म्हणाला. "धरणीमातेला तिचा वाटा द्यावाच लागतो."

"मला शिकवू नका. मीही ओतते. पण मी जमिनीवर ओतते, चाकापाशी. धरणीमाता तिथे आहे, बॅटरीखाली नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. इलारियोनचा चेहरा उतरला. "बरं, झालं ते झालं. गाळा राहू दे तुमचा. आम्ही मनात ठेवणार नाही. लावा आता तो बोल्ट."

मनात ठेवणार नाही! बासिलियाने गंज घासून बोल्ट लख्ख केला आणि मुठीत घट्ट धरला.

"कुणामुळे बिघडलं ते सांगा. मग लावते."

"बाई, रांग खोळंबलीय."

"माझं नाव भर रांगेत घेतलंत ना? मग आता तुमचं घ्या."

इलारियोनने इकडे तिकडे पाहिलं. एकही चालक त्याच्या बाजूने बोलेना. अखेर तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "माझ्यामुळे बिघडलं."

"मोठ्याने," बासिलिया म्हणाली. "शेवटच्या गाडीपर्यंत गेलं नाही."